कादंबरीकाराचे बहुप्रकारी लेखन

कादंबरीकार म्हणून ओळख असलेल्या लेखकाने कविता, नाटक, कथा, सदर, अनुवाद अशा इतर साहित्यप्रकारांतही सातत्याने लिहिणे. हौसेने एखादा कवितासंग्रह काढणारे कादंबरीकार पुष्कळ सापडतात. त्यांची गोष्ट वेगळी. एका प्रकारातले काम बाजूला ठेवले तर दुसऱ्यातले नीट उलगडत नाही, अशा लेखकांचा विचार या नोंदीत केला आहे.

अशा लेखकाबद्दल 'शक्ती विखुरली' हा शेरा ठरलेला असतो. तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. प्रकार बदलण्यामागची कारणे पाहिली तर ती अगदी रोकडी दिसतात: नियतकालिकाची गरज, पोटापाण्याचा प्रश्न, रंगभूमीकडून आलेली मागणी, किंवा हातातला विषय आधीच्या प्रकारात मावेनासा होणे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. अंक दर आठवड्याला भरायचा म्हटल्यावर एकट्या कादंबरीवर भागणार नव्हते. 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः चालू असताना त्याच अंकांतून 'स्फुट गोष्टी'ही आल्या आणि मराठी कथेला त्यांतून वळण मिळाले. मोलिएरची नाटकेही त्यांनी मराठीत आणली. सामाजिक कादंबरी आणि ऐतिहासिक कादंबरी हे तर त्यांचे दोन वेगळे संसारच होते.

इंग्रजीतले थॉमस हार्डी (१८४०–१९२८) यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. त्यांनी सुरुवात कवितेने केली. त्या कविता कोणी छापेना, तेव्हा ते कादंबरीकडे वळले आणि कादंबरीनेच त्यांना नाव दिले. १८९५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'ज्यूड द ऑब्स्क्युअर'वर अनीतीचा आरोप होऊन गदारोळ उठला. त्यानंतर त्यांनी नवी कादंबरी लिहायला घेतली नाही. १८९८ मध्ये 'वेसेक्स पोएम्स' हा संग्रह आला आणि पुढची तीस वर्षे ते कवीच राहिले. त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत एक कबुली आहे: या कविता कधी उजेडात येतील असे वाटत नव्हते, म्हणून त्यांतल्या काही मोडून गद्यात घातल्या आणि तशाच छापल्या. ही कबुली वाचली की त्यांच्या कादंबऱ्यांतली माळरानांची, ऋतूंची वर्णने पुन्हा काढून वाचावीशी वाटतात. कवी तिथेच दबा धरून बसलेला होता.

प्रकार बदलला की नावही बदलायचे, ही प्रथा अनेक भाषांत आहे. स्कॉटिश कादंबरीकार इयन बँक्स आपल्या विज्ञानकादंबऱ्यांवर नावात केवळ 'एम' हे आद्याक्षर घालत. ग्रॅहम ग्रीन यांनी नाव तेच ठेवले, पण आपल्या थरारकथांना 'करमणूक' असे वेगळे लेबल लावले आणि पुढे ते स्वतःच काढून टाकले. मराठीत जयवंत दळवी (१९२५–१९९४) 'ललित' मासिकातले सदर 'ठणठणपाळ' या नावाने लिहीत. साहित्यिकांची खोड काढणारा हा मिस्किल माणूस आणि 'चक्र' (१९६३) मध्ये झोपडपट्टीतले जगणे थंड डोळ्यांनी मांडणारा कादंबरीकार एकच, हे आजही पटकन ध्यानात येत नाही. दोघांत सामाईक आहे ती माणसाच्या विसंगतीवर अचूक बोट ठेवणारी नजर.

दळवींनी आपल्याच कादंबऱ्यांची नाटकेही केली. 'अथांग'वरून 'महासागर' आले, 'अंधाराच्या पारंब्या'वरून 'बॅरिस्टर' (१९७७). असे रूपांतर म्हणजे कापाकापी नव्हे. कादंबरीत लेखक पात्राच्या मनात हवे तेव्हा शिरतो. नाटकात ती वाट बंद असते. जे निवेदनाने सांगायचे ते प्रवेशाने, वस्तूने, गप्प बसण्याने दाखवावे लागते. 'बॅरिस्टर'मध्ये आलवणातली मावशी वाड्यात वावरू लागते आणि विधवेच्या वाट्याला काय आले हे प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. कादंबरीला याला पाने लागतात. उलट बाजूही तितकीच खरी: हळूहळू खचत जाणाऱ्या मनाचा लांबलचक काळ नाटकाच्या दोन-तीन तासांत तसाच्या तसा बसत नाही, त्यातले काहीतरी मागे राहतेच.

चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांच्याइतका हा प्रश्न तीव्रपणे मराठीत क्वचितच कोणी जगला असेल. कविता 'आरती प्रभू' या नावाने. 'रात्र काळी, घागर काळी', 'कोंडुरा' या कादंबऱ्या आणि 'एक शून्य बाजीराव' हे नाटक स्वतःच्या नावाने. आयुष्य जेमतेम सेहेचाळीस वर्षांचे, त्यात एवढे सगळे. नावे दोन असली तरी भीतीची जात एक आहे. कवितेत जी हुरहूर एका प्रतिमेत येऊन थांबते, तीच कादंबरीत शाप, वासना आणि दैव होऊन माणसांच्या मागे लागते. 'एक शून्य बाजीराव'मध्ये तर विदूषक आणि कवी एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. त्यांच्या गद्यात कधी कधी वाक्य अर्ध्यावर ओळीसारखे तुटते. काही वाचकांना तो दोष वाटतो. मला ती त्या गद्याची नाडी वाटते.

१९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तो 'नक्षत्रांचे देणे' या कवितासंग्रहासाठी, म्हणजे आरती प्रभूंना. लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेल्या सूचीत हा संग्रह 'प्र' खाली शोधावा लागतो आणि 'कोंडुरा' 'खा' खाली.