ओव्हरक्लॉकिंग (जुने संगणक)

ओव्हरक्लॉकिंग : संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेहून अधिक वारंवारतेने चालविणे. प्रस्तुत नोंदीत साधारणतः २०११ पूर्वीच्या प्रोसेसर व मदरबोर्डांचाच विचार केला आहे.

या प्रथेचा उगम आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपर्यंत मागे नेता येतो. त्यातील ८०८८ प्रोसेसरला १४.३१८ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची (ठरावीक लयीत स्पंदने देणाऱ्या घटकाची) एक तृतीयांश, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झ वारंवारता मिळे. पण कालमापक व रंगीत पडद्याचा संकेतही त्याच स्फटिकावर अवलंबून असल्याने तो बदलला की वेळ चुके आणि रंग बिघडत. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मात्र ८०२८६ साठी १२ मेगाहर्ट्झचा स्वतंत्र स्फटिक होता. त्याजागी १६ चा बसवला की प्रोसेसर ६ ऐवजी ८ मेगाहर्ट्झने चाले व कालमापनाला धक्का लागत नसे. आयबीएमने नंतरच्या बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत) वेगाची तपासणीच घातली. त्यावरून ही क्लृप्ती बरीच रूढ झाली असावी. आरंभ एटीपासून धरणे त्यामुळे अधिक सयुक्तिक दिसते.

पुढे प्रोसेसरची वारंवारता म्हणजे बसचा (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग गुणिले एक ठरावीक गुणक, अशी रचना आली. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने गुणक बंदिस्त केला. शिक्का बदलून स्वस्त चिप चढ्या भावाने विकणाऱ्यांना आळा घालणे, हे त्याचे एक कारण सांगतात. महाग चिपांची विक्री जपणे, हे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. गुणक गेल्यावर बसचा वेग वाढवणे एवढेच उरले व सारी मदार मदरबोर्डावर आली. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर (६६ × ४.५) ४४०बीएक्स चिपसेटच्या (बोर्डावरील नियंत्रक चिपांच्या संचाच्या) बोर्डावर १०० मेगाहर्ट्झ बस दिली की बहुधा ४५० वर चाले; त्याची १२८ किलोबाइटची कॅश (जलद तात्पुरती स्मृती) चिपमध्येच असल्याने बाहेरच्या मंद कॅशचा अडसर नव्हता. बस १३३ वर नेल्यास पीसीआय (जोडकार्डांची बस) चतुर्थांश भाजकाने ३३ वर राही, एजीपीला (ग्राफिक्स कार्डाच्या जोडणीला) मात्र ६६ ऐवजी ८९ मेगाहर्ट्झ सोसावे लागत. अनेक ग्राफिक्स कार्डे तिथेच हार मानत.

एएमडीच्या २००० सालच्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉनवर तोडलेले एल१ पूल (चिपच्या पृष्ठावरील सूक्ष्म विद्युत्‌जोडण्या) पेन्सिलीच्या शिशाने जोडून गुणक मोकळा करीत.

स्थैर्यासाठी व्होल्टता वाढवावी लागते. उष्णता वारंवारतेच्या आणि व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वारंवारता व व्होल्टता दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास वीज सुमारे ३३ टक्के अधिक लागते.

इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांमध्ये जवळजवळ सर्व बस एकाच १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला जोडल्या गेल्या. ते काही टक्क्यांपलीकडे हलत नाही, आणि पूर्ण मोकळा गुणक प्रामुख्याने नावात ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरांपुरता उरला.