डेस्मॉइड गाठींवरील क्रायोअब्लेशन

मऊ ऊतींत वाढलेली गाठ बारीक, सुईसारख्या शलाकेने आतून गोठवून नष्ट करण्याच्या उपचारपद्धतीस क्रायोअब्लेशन म्हणतात. गाठींवर थंडीचा प्रयोग जुना असून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेम्स अर्नॉट या इंग्लिश वैद्याने बर्फ व मीठ यांचे मिश्रण वरून लावून त्यांतील वेदना कमी करण्याचा यत्न केला होता. आजच्या पद्धतीत दाबाखालील आर्गॉन वायू शलाकेच्या टोकाशी एकदम प्रसरण पावतो, त्यामुळे तेथील तापमान झपाट्याने उतरते आणि टोकाभोवती बर्फाचा गोळा तयार होतो. हा गोळा सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो, हा या पद्धतीचा मोठा आधार होय. मात्र गोळ्याच्या कडेला तापमान ०° से.च्या आसपासच असते आणि पेशी खात्रीने मरण्यासाठी ते सुमारे −४०° से.पर्यंत उतरावे लागते. म्हणून गोळा गाठीच्या सीमेपलीकडे थोडा वाढवतात आणि गोठवणे व वितळवणे हे चक्र सहसा दोनदा करतात.

डेस्मॉइड ही स्नायूंच्या आसपासच्या तंतुमय ऊतींत वाढणारी गाठ होय. ती शरीरात इतरत्र पसरत नाही, परंतु आजूबाजूच्या स्नायूंत व मज्जातंतूंभोवती शिरते आणि शस्त्रक्रियेने काढल्यावरही पुष्कळदा पुन्हा उद्भवते. रुग्ण बहुधा तरुण असतात, त्यांत स्त्रिया अधिक. काही गाठी आपोआप आक्रसत असल्याने प्रथम केवळ निरीक्षणच केले जाते. ज्या आजाराने सहसा जीव जात नाही, पण खांदा उचलता येत नाही, कुशीवर झोपता येत नाही, त्यात उपचाराचे यश गाठीच्या आकारावरून ठरवणे अपुरे आहे. फ्रान्समधील ‘क्रायोडेस्मो-०१’ या अभ्यासात इतर उपचारांना न जुमानणाऱ्या गाठींचे ५० रुग्ण होते. एका वर्षानंतर त्यांपैकी ८६ टक्के रुग्णांत गाठ वाढलेली नव्हती, आणि वेदना व हालचाल यांतही सुधारणा आढळली.

त्वचा व मज्जातंतू यांना हिमदाह होण्याचा धोका खरा आहे. तो टाळण्यासाठी त्वचेवर कोमट द्रवाचे आवरण ठेवतात, तर गाठ आणि मज्जातंतू यांच्यामध्ये द्रव किंवा वायू भरून अंतर निर्माण करतात. मुख्य मज्जातंतू गाठीतूनच जात असल्यास काही भाग मुद्दाम न गोठवता सोडावा लागतो; अशा वेळी संपूर्ण नाशापेक्षा हाताची पकड वा पायाची चाल राखणे अधिक मोलाचे ठरते. उपचारानंतर ती जागा काही काळ सुजते, दुखते, आणि मेलेली ऊती शरीरात हळूहळू शोषली जात असल्याने गाठ लगेच लहान झालेली दिसत नाही. हे रुग्णास आधीच सांगणे आवश्यक असते.