हललेल्या फोटोची गोष्ट

'फोटो हललाय' म्हटलं की तो वाया गेला, असंच आपण धरून चालतो. पण धावती सायकल टिपताना शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश सोडणारा पडदा, मुद्दाम १/३० सेकंदावर आणायचं आणि सायकलबरोबर कॅमेराही फिरवायचा, की स्वार ठसठशीत येतो आणि मागचं सगळं रेघारेघांचं होतं. हे 'पॅनिंग' आज नवशिक्यालाही शिकवतात. हा दोष कामाचा आहे हे उमगायला मात्र फार काळ जावा लागला.

सुरुवातीची अडचण वेगळीच होती. १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत घ्यायचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळे घोडागाड्या आणि चालती माणसं उमटलीच नाहीत. भर दिवसा रस्ता ओस! नीट उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी थांबलेला माणूस. पुढे स्टुडिओत गिऱ्हाईक हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत.

१८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिलं. कामगिरी मोठीच, पण त्यातला एकेक फोटो पाहिला तर घोडा हवेत थिजलेला. दौड दिसते ती सगळे फोटो ओळीने पाहिल्यावर.

एकाच फोटोत वेग भरला तो झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने, पहिल्या महायुद्धाच्या एक-दोन वर्षं आधी, मोटारींच्या शर्यतीत. गाडी उजवीकडे सुसाट निघालेली. तिचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि कडेचे प्रेक्षक डावीकडे कललेत. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट, फोटो जिच्यावर उमटतो त्या काचेसमोरून, वरून खाली सरकायची. कॅमेऱ्यातली प्रतिमा उलटी असते, म्हणून चाकाचा तळ आधी उमटला, माथा नंतर. तेवढ्यात गाडी पुढे सरकली होती. लार्तिग कॅमेराही फिरवत होता, म्हणून जागेवरचे प्रेक्षक उलट्या बाजूला कलले; पण गाडीइतक्या वेगाने नाही, म्हणून चाक पुढे झुकलं. गाडीचं तोंड चौकटीबाहेर गेल्याने त्याला हा फोटो फसलेला वाटला होता. मला विचाराल तर वेगाचा इतका खरा फोटो दुसरा नाही. जगाने तो डोक्यावर घेतला १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लार्तिगचं प्रदर्शन भरल्यानंतर.

त्याआधीच, १९५० च्या दशकात, अर्न्स्ट हास या छायाचित्रकाराने रंगीत फिल्मवर स्पेनमधल्या बैलझुंजी टिपल्या होत्या. त्या काळची रंगीत फिल्म प्रकाशाला मंद, शटर जास्त वेळ उघडं ठेवावंच लागे. हासने त्या नाइलाजालाच हाताशी धरलं. त्याच्या फोटोंत बैलाची शिंगं धड दिसत नाहीत, मातादोरचा, म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्याचा, चेहरा ओळखू येत नाही. दिसतो तो लाल कापडाचा फराटा आणि त्यावर झेपावणारा काळा लोट.