काऊच्या हातात मोबाइल दिला म्हणून गोष्ट नवी होत नाही

भाचीला कॉलेजात प्रोजेक्ट मिळालाय. माहितीतली जुनी गोष्ट घ्यायची आणि दीड हजार शब्दात नव्यानं सांगायची. आयडिया काढायला म्हणून तिच्या ग्रुपनं रंकाळ्यावर बैठक मारली (भेळ किती झाली ते वहीत नाही) आणि ती यादी माझ्याकडं आली, मावशी जरा बघ की म्हणून. बघितली. द्रौपदी इन्स्टावर रील टाकते. शकुनी ऑनलाइन रमीचं ॲप चालवतो. श्रावणबाळ कावड सोडून आईबापाला स्कुटीवर घेतो, तिघं. हिरकणी रायगडाचा रोपवे बंद पडला म्हणून वर अडकते. आणि प्रत्येकापुढं कंसात लिहिलंय, मॉडर्न रीटेलिंग.

नाही ओ. याला रूपांतर म्हणतात, तेही बरेचदा अर्धं कच्चं. एकांकिका स्पर्धेत बघितलं, दिवाळी अंकात बघितलं, शाळेच्या गॅदरिंगला तर दरवर्षी बघते, रूपांतर करायचं आणि नव्यानं सांगितलं म्हणून मिरवायचं. आता वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते.

रूपांतरावर फार बोलत नाही, मराठी माणसाला त्याचं बाळकडूच मिळालंय. नाटककार देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा झुंझारराव केला तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, आपण हेच करतोय. गाव बदलायचं, नावं बदलायची, जेवणखाण, शिव्या, सणवार सगळं आपल्याकडचं घालायचं, गोष्ट तीच ठेवायची. संशयानं आंधळा झालेला नवरा तिकडंपण बायकोला मारतो, इकडंपण मारतो. हे काम हलकं अजिबात नाही, नीट करायला लै अक्कल लागते, फक्त त्याला त्याच्या नावानं हाक मारा एवढंच म्हणणं आहे.

नव्यानं सांगणं म्हणजे गोष्ट जो प्रश्न विचारते तो प्रश्नच बदलणं. ('पुनर्कथन' असा शब्द आहे, पण तो ऐकला की मला परीक्षेचा पेपर आठवतो.) नुसतं असं सांगून कुणाला कळत नाही, म्हणून चिऊकाऊची गोष्ट घेते, ती सगळ्यांना येते.

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं, काऊ चिऊच्या दारात. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. परत दार उघड. थांब, बाळाला अंगडं घालते. थांब, तीट लावते. थांब, झोपवते. शेवट घरोघरी वेगळा, आमच्याकडं काऊला चुलीच्या वैलावर बसवतात, त्याचं शेपूट भाजतं आणि पोरं हसतात.

याचं कोल्हापुरी रूपांतर दहा मिनिटात होतंय. २०१९ चा महापूर. काऊ कुंभार गल्लीत, पंचगंगेचं पाणी घरात शिरलंय. चिऊचा राजारामपुरीत चढाला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. काऊ खाली छत्री उलटी झालेली तशीच धरून फोन लावतोय आणि चिऊ म्हणते थांब मीटिंग चालू आहे, थांब बाळ आत्ताच झोपलंय, थांब सोसायटीच्या ग्रुपवर विचारते. वाचायला बरं वाटेल, पूर बघितलेल्या माणसाला टोचेलसुद्धा. पण प्रश्न काय राहिला? बाहेर एक भिजतोय, आत एक कोरडी आहे, दार उघडणार का नाही. आजी सांगायची तेव्हापण हाच होता. आपण शेणाच्या जागी पूररेषा लिहिली आणि मेणाच्या जागी दुसरा मजला.

मग ग्रुपमधला एखादा हुशार उठतो, म्हणतो आपण काऊच्या तोंडून सांगूया, म्हणजे झालं ना वेगळं. इथंच सगळे आपटतात, आणि चांगले लिहिणारेपण आपटतात, म्हणून इथं जरा बसून बोलते. काऊच्या तोंडून सांगितली म्हणजे काय झालं? मी भिजलो. मला थंडी वाजली. चिऊ कशी बघा. अहो पण हे ऐकणाऱ्या चार वर्षाच्या पोरालापण माहिती होतं की, काऊ भिजलाय हे काय गुपित होतं का? तुम्ही 'तो' खोडून 'मी' लिहिलं, तो झाला व्याकरणाचा गृहपाठ. सांगणारा बदलून फायदा तेव्हाच, जेव्हा त्याला असं काहीतरी दिसतंय जे मूळ गोष्टीनं आपल्याला दिसू दिलं नाही.

आता चिऊच्या घरात आत जाऊया. तिथं एक जण आहे, त्याचं नाव घेऊन चार वेळा दार अडवलं जातं आणि त्याला अख्ख्या गोष्टीत एक वाक्य नाही. बाळ. त्याला दारावरची टकटक ऐकू येते. त्याची अंघोळ मघाशीच झालीय, तरी आई परत पाणी ओतते. अंगडं घातलेलं काढते, परत घालते. तीट लावताना तिचं बोट थांबतं, तिचं लक्ष बाळाकडं नाहीच, दाराकडं आहे. का? कावळे दुसऱ्या पाखरांची अंडी, पिल्लं पळवतात, हे चिऊला माहिती नसेल काय? गोष्टीत याबद्दल चकार शब्द नाही. एवढं एक आत आणलं की 'थांब' मधला ताठा जातो आणि भीती दिसायला लागते, दाराबाहेरचा भिजलेला बिचारा जरा वेगळा दिसायला लागतो, आणि तरीपण तो खरंच भिजलाय, खरंच गारठलाय, ते काही खोटं होत नाही. आता सांगा, कोण चुकलं? पाऊस तोच, दार तेच, अंघोळ तीच. मोबाइल नाही, पूर नाही, राजारामपुरी नाही. ही झाली नव्यानं सांगितलेली गोष्ट.

यावर भाची म्हणाली, पण मावशी मॉडर्न करायलाच पाहिजे ना, नाहीतर लोकांना रिलेट कसं होणार. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतंय. तिला कीचकवध सांगितलं. सांगलीत जन्मलेले खाडिलकर, नाटक १९०७ चं. विराटाचाच दरबार, तेच अज्ञातवासातले पांडव, कुणाचं धोतर काढून पँट घातलेली नाही. महाभारतात कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो, तिथं युधिष्ठिर आणि भीम दोघं बसलेले असतात, आणि युधिष्ठिर भीमाला आवरतो, ओळख फुटेल म्हणून. मूळ कथेतली ही छोटीशी फट खाडिलकरांनी रुंद केली. अपमान होत असताना थांबायचं का आत्ताच उठायचं, हा प्रश्न मधोमध आणून ठेवला. बघणाऱ्याला कीचकात व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसला, युधिष्ठिरात मवाळ, भीमात जहाल. १९१० ला इंग्रज सरकारनं बंदी घातली. सरकारला बरोबर रिलेट झालं, एकपण मोबाइल न घालता.

आपल्या कोल्हापुरातलं बघायचं तर खांडेकरांची ययाति कादंबरी, १९५९ ची. देवयानी, शर्मिष्ठा स्वतःच्या तोंडानं बोलतात म्हणून ती वेगळी असं परीक्षेत लिहितात, मार्कपण मिळतात. पण 'मी' म्हणणारी माणसं वाढली हे नंतरचं झालं. महाभारतात ययाती पोराचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोग घेतो आणि शेवटी शहाणा होतो, तिथं शहाणपण महत्त्वाचं. खांडेकरांनी बोट ठेवलं ते भोगामागं धावताना आजूबाजूची माणसं कशी चिरडतात त्यावर. त्यासाठी त्यांना त्या बायकांचा आवाज लागला. आधी प्रश्न, मग आवाज, हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं.

याच उलट्या क्रमातनं ती 'खलनायकाची बाजू' नावाची साथ आलीय. रावणाची बाजू, शकुनीची बाजू, कैकेयीची बाजू. लहानपणी कुणीतरी त्यांच्याशी वाईट वागलं होतं, संपलं. मला स्वतःला हा प्रकार अजिबात आवडत नाही. त्यात प्रश्न बदलत नाही, फक्त निकाल फिरवतात, मघाशी हा दोषी होता आता तो.

नव्यानं सांगणं आणि रूपांतर, दोन्ही एकाच माळेत बघायचं असेल तर पुलंचं 'ती फुलराणी' नाटक घ्या. जुन्या ग्रीक गोष्टीत पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार आपणच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो, देवी तिला जिवंत करते, लग्न होतं. तिला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. १९१३ साली बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' नाटक आलं, त्यानं तेवढंच विचारलं: मूर्तीला बोलता यायला लागलं की ती काय बोलेल? आणि शेवटी त्या दोघांचं लग्न लावायला त्यानं साफ नकार दिला. हे नव्यानं सांगणं. मग पुलंनी तोच प्रश्न उचलून मराठीत आणला, मंजुळा आणली, कुठलं मराठी 'शुद्ध' आणि कुठलं गावंढळ हा आपला घरचा वाद त्यात घातला. हे रूपांतर, आणि काय झकास. कोण मोठं, कोण लहान असलं काही नाही.

बाकी लोक विचारतात, शेवट बदलला तर काय, कवितेत लिहिलं तर काय, मालवणीत लिहिलं तर काय. काही नाही. त्यानं इकडचं तिकडं होत नाही, पाहिजे ते करा.

आयडिया तपासायला मी भाचीला एक सांगितलं. नावं, गाव, वस्तू सगळं झाक आणि मूळ गोष्ट कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिही, मग तुझी लिही. वाक्य तेच आलं तर रूपांतर. स्कुटीवाल्या पोरानं दोन्हीकडं 'आईबापाची सेवा करावी' असं लिहिलं आणि दोन्ही सेम आली म्हणून खूश झाला, त्याला बरोबर उत्तर आल्यासारखं वाटलं. आता त्याला काय सांगणार. रूपांतर म्हण आणि चांगलं कर म्हटलं, निदान हेल्मेट तरी घाल त्यांना.

भाचीनं गोष्ट सांगायला चिऊचं बाळ घेतलं. दोन दिवस अडली होती, बाळाला बोलता येत नाही तर 'मी' कसं लिहू म्हणून. काल रात्री पहिली ओळ पाठवलीय: "आज आईनं मला दुसऱ्यांदा न्हाऊ घातलं, आणि पाणी गार होतं." पुढचं अजून आलेलं नाही, सोमवारी जमा करायचंय.