इस्राएलाशी केलेले करार आणि त्यांची आजची व्याप्ती

हिब्रू बायबलमध्ये देवाने अब्राहाम, मोशे आणि दावीद यांच्यामार्फत इस्राएलाशी करार केले. त्यांतली वचने आज कोणाला, कुठे आणि कितपत लागू होतात, हा यहूदी व ख्रिस्ती धर्मशास्त्रातला जुना आणि आजही धगधगता प्रश्न आहे. ‘लागू आहेत’ किंवा ‘संपली’ असे एका शब्दात उत्तर देणारे बहुधा सगळे करार एकाच गाठोड्यात बांधतात. करार एकापेक्षा जास्त आहेत. वंश, भूमी, राजसत्ता, आशीर्वाद, शाप, नियम अशी त्यांची कलमे निरनिराळी आहेत आणि कलमागणिक उत्तर बदलते.

करारांची घडण

अब्राहामाशी झालेल्या कराराचा विधी बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथाच्या १५व्या अध्यायात येतो. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी आणि तीन वर्षांचा एडका उभे चिरून त्यांचे अर्धे-अर्धे भाग समोरासमोर मांडले जातात. होला आणि पारव्याचे पिल्लू मात्र चिरलेले नाही. अशा तुकड्यांमधून चालत जाणारा माणूस ‘वचन मोडले तर माझी हीच गत होवो’ अशी आण घेत असे. यिर्मया ३४:१८–२० मध्ये हा अर्थ उघड सांगितला आहे. उत्पत्तीतल्या प्रसंगात अब्राहाम गाढ झोपेत आहे आणि तुकड्यांमधून फक्त धुरकट भट्टी व जळती मशाल जाते. म्हणजे आण एकाच पक्षाने घेतली. हा करार बिनशर्त आहे असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम आधार हाच. पण दोनच अध्याय पुढे, १७व्या अध्यायात, आठव्या दिवशी सुंता करण्याची आज्ञा येते आणि सुंता न झालेला पुरुष आपल्या लोकांतून तोडला जाईल असे बजावले जाते. करार टिकतो, पण त्यातला एखाद्याचा वाटा गमावला जाऊ शकतो, असे दोन्ही अध्याय एकत्र वाचल्यावर दिसते.

मोशेमार्फत सिनाय पर्वतावर झालेला करार वेगळ्या जातीचा आहे. त्याची मांडणी प्राचीन पश्चिम आशियातल्या सम्राट व मांडलिक यांच्या तहनाम्यांसारखी आहे: सम्राटाची ओळख, आजवर केलेल्या उपकारांची नोंद, अटी, साक्षीदार, शेवटी आशीर्वाद आणि शाप. बायबलमधल्या अनुवाद या ग्रंथाच्या २८व्या अध्यायात ६८ ओव्या आहेत. त्यांतल्या पहिल्या १४ आशीर्वादाच्या, उरलेल्या ५४ शापाच्या. या शापांचे अस्सिरियाचा राजा एसर्हद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या शपथांशी असलेले साम्य अभ्यासकांनी बारकाईने तपासले आहे. हा करार सशर्त आहे याबद्दल फारसा वाद नाही. ज्याला आशीर्वादाच्या १४ ओव्या आज स्वतःसाठी हव्या असतील, त्याला पुढच्या ५४ सोडून देता येत नाहीत. तरीही लेवीय २६:४४ मध्ये, सगळे शाप उच्चारून झाल्यावर, शत्रूंच्या देशातही आपण त्यांच्याशी केलेला करार मोडणार नाही असे देव म्हणतो. शिक्षा ही कराराची अंमलबजावणी आहे. ती करार रद्द झाल्याची खूण नव्हे.

दावीदाला दिलेले अढळ राजासनाचे वचन २ शमुवेल ७ मध्ये आहे. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलने (बॅबिलोनने) यरुशलेम पाडले आणि दावीदाच्या घराण्याचे राज्य संपले. स्तोत्र ८९ ही तक्रार थेट देवापुढे मांडते. मशीहाची, म्हणजे देव पाठवणार असलेल्या अभिषिक्त राजाची, अपेक्षा पुढे याच तिढ्यातून वाढली.

भूमीचे कलम

सर्वाधिक वाद भूमीवरून होतो. उत्पत्ती १५:१८ मध्ये मिसराच्या नदीपासून फरात (युफ्रेटिस) नदीपर्यंतचा प्रदेश सांगितला आहे, तर गणना ३४ मधल्या सीमा त्याहून बऱ्याच आखूड आहेत. वचन आधीच पुरे झाले असे म्हणणारे यहोशवा २१:४३–४५ दाखवतात: देवाने शपथपूर्वक दिलेला सगळा देश दिला, एकही वचन वाया गेले नाही. पण त्याच ग्रंथात १३:१ मध्ये पुष्कळ प्रदेश घ्यायचा राहिला असल्याचे म्हटले आहे, आणि शास्ते ग्रंथाचा पहिला अध्याय तर न जिंकलेल्या नगरांची यादीच देतो. यांतली एकच ओवी उचलून निकाल देणे ही या विषयातली नेहमीची चूक आहे.

‘सर्वकाळचा करार’ या शब्दप्रयोगावरही एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. भूमी आणि सुंता यांच्याबाबतीत तो येतो, तसाच अहरोनाच्या वंशाच्या याजकपणाबाबतही येतो (गणना २५:१३). याजकपण ख्रिस्तात पूर्ण होऊन थांबले असे मानणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने भूमीचे वचन मात्र अक्षरशः चालू का धरले, याचे कारण त्याला द्यावे लागते. उलट, भूमीचे वचन आत्मिक अर्थाने वाचणाऱ्याला वंशाचे वचन कोणत्या नियमाने वाचायचे हे सांगावे लागते.

नवा करार आणि पौल

यिर्मया ३१:३१–३४ मधला नवा करार ‘इस्राएलाचे घराणे व यहूदाचे घराणे’ यांच्याशी आहे. इब्री लोकांस पत्राच्या ८व्या अध्यायात हा उतारा सलग उद्धृत केला आहे आणि त्यावरून पहिला करार जुना ठरून नाहीसा होण्याच्या बेतात आहे असा निष्कर्ष काढला आहे. पण यिर्मयाच्या पुढच्याच ओव्या (३५–३७) सांगतात की सूर्य, चंद्र आणि तारे यांचे नियम ढळतील तेव्हाच इस्राएल राष्ट्र म्हणून नाहीसे होईल. पत्रात त्या ओव्या घेतलेल्या नाहीत. दोन्ही बाजूंचे वाद बऱ्याचदा या एका कातरीच्या जागेवर उभे असतात.

ख्रिस्ती प्रेषित पौल याच्या लेखनात दोन सूर आहेत. गलतीकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात अब्राहामाचे संतान म्हणजे ख्रिस्त, आणि ख्रिस्ताचे असणारे सगळे वारस, अशी मांडणी आहे; ४३० वर्षांनंतर आलेले नियमशास्त्र आधीचे वचन रद्द करू शकत नाही, हाही मुद्दा तिथलाच. रोमकरांस पत्राच्या ९ ते ११ अध्यायांत मात्र वारसाहक्क परराष्ट्रीयांकडे गेला म्हणून इस्राएल फेकला गेला का, या प्रश्नाला ठाम नकार आहे. परराष्ट्रीय म्हणजे जैतुनाच्या झाडावर लावलेली रानटी फांदी; मूळ तिला पोसते, तिने मूळ फांद्यांपुढे मिरवू नये (११:१७–२४). देवाची दाने व त्याचे पाचारण मागे घेतले जात नाही (११:२९). भूमीबद्दल पौल जवळजवळ बोलतच नाही. रोमकरांस ४:१३ मध्ये अब्राहामाचे वतन म्हणून तो थेट ‘जग’ म्हणतो.

ख्रिस्ती मंडळ्यांच्या भूमिका

दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याच्यापासून ‘खरा इस्राएल आता ख्रिस्ती मंडळी’ हे मत रुजले. या मतातून शतकानुशतके यहूदी द्वेषाला बळ मिळाले, हे त्याचे मूल्यमापन करताना वगळून चालत नाही. युरोपातल्या यहूद्यांच्या संहारानंतर अनेक मंडळ्यांनी ते तपासून पाहिले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत रोमकरांस ११ चा आधार घेऊन यहूदी लोक देवाला प्रियच आहेत असे जाहीर केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये माइन्झ इथे देवाने कधीही रद्द न केलेल्या जुन्या कराराचा उल्लेख केला. मात्र १९८५ च्या व्हॅटिकन टिपणात आजच्या इस्राएल राज्याच्या अस्तित्वाकडे धार्मिक दृष्टीने नव्हे, तर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सामान्य तत्त्वांनुसार पाहावे असे सांगितले आहे. लोकांशी करार कायम, पण राजकीय हक्काचा उगम त्यात नाही, अशी ही काळजीपूर्वक केलेली विभागणी आहे.

प्रॉटेस्टंटांत रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या विचारांची) परंपरा कृपेचा एकच करार जुन्या व नव्या काळांत निरनिराळ्या रीतीने राबवला गेला असे मानते. १९व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना मांडल्या. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड टिपा-बायबलमुळे हे मत अमेरिकेत घरोघरी पोहोचले आणि ख्रिस्ती झायनवादाला, म्हणजे यहूद्यांनी त्या भूमीत परतावे या चळवळीच्या ख्रिस्ती पाठिंब्याला, त्यातून मोठा आधार मिळाला. पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी २००९ च्या ‘कैरोस पॅलेस्टाइन’ निवेदनात उलट बाजू मांडली: भूमीचे वचन हे सर्व मानवजातीच्या उद्धाराचे नांदीवचन आहे, दुसऱ्याला बेघर करण्याचा परवाना नव्हे. ज्यांची घरे त्याच भूमीवर आहेत त्यांचे वाचन या चर्चेत परिशिष्टात ढकलले जाते. ते मुख्य मजकुरात असायला हवे.

यहूदी व्यवहार: सातव्या वर्षाची कसोटी

कराराची वचने आज लागू आहेत का, हा प्रश्न यहूदी धर्मशास्त्रात प्रत्यक्ष शेतात सोडवला जातो. लेवीय २५ नुसार भूमीला दर सातव्या वर्षी विसावा द्यायचा. या वर्षाला शमिता म्हणतात. हिब्रू कालगणनेचे वर्ष सातने निःशेष भागले गेले की ते शमिताचे: ५७८२ (२०२१–२२) होऊन गेले, पुढचे ५७८९ (२०२८–२९).

पेरणी, छाटणी, कापणी आणि द्राक्षतोडणी यांची मनाई थेट धर्मग्रंथातली आहे. आपोआप उगवलेली भाजी व धान्यही रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मगुरूंनी, वर्ज्य केले, कारण चोरून पेरायचे आणि ‘आपोआप उगवले’ म्हणायचे, ही पळवाट लोक काढू लागले होते. फळे पवित्र मानली जातात. ती खाता येतात, पण त्यांचा व्यापार किंवा नासाडी करता येत नाही. साली आणि उष्टे नेहमीच्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या डब्यात ठेवून कुजल्यावर टाकतात.

आता लागूपणाचा मुद्दा. पन्नासाव्या वर्षाचा योबेल, म्हणजे मुक्ततेचे वर्ष, लेवीय २५:१० नुसार ‘देशातल्या सर्व रहिवाशांसाठी’ आहे. रऊबेन, गाद आणि अर्धा मनश्शे हे वंश परागंदा झाले तेव्हाच, सगळे रहिवासी देशात न उरल्याने, योबेल थांबला, असे तालमूद (रब्बींच्या चर्चांचा प्राचीन संग्रह) सांगतो. शमिता योबेलाशी जोडलेली असल्याने आजची शमिता मूळ धर्मग्रंथाच्या बळाने नव्हे, रब्बींच्या आज्ञेने पाळायची, असे बहुतेक निर्णयकर्ते मानतात. ही नुसती शब्दाची कीस नाही. आज्ञा रब्बींची असेल तरच सवलतीला जागा उरते. १८८८–८९ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या नव्या यहूदी वसाहतींतले शेतकरी उपासमारीच्या भीतीने हवालदिल झाले, तेव्हा कोव्नोचे रब्बी यित्सहाक एल्हानान स्पेक्टर यांनी जमीन तात्पुरती बिगर-यहूद्याला विकण्याची मुभा दिली. यरुशलेममधल्या अश्केनाझी (युरोपीय मुळाच्या) रब्बींनी कडाडून विरोध केला. १९०९–१० मध्ये रब्बी अब्राहाम यित्सहाक कूक यांनी ती मुभा तपशिलात मांडली, पण पेरणी-कापणीसारखी मुख्य कामे तेव्हाही बिगर-यहूदी मजुरांकडून करवून घ्यावीत अशी अट ठेवली. विरोधकांचा आक्षेप दुहेरी आहे: विक्री कागदापुरती असेल तर ती विक्रीच नव्हे, आणि खरी असेल तर अनुवाद ७:२ वरून काढलेली, या भूमीतली जमीन परक्याला देण्याची मनाई मोडते. दुसरा मार्ग धर्मन्यायालयाच्या भांडाराचा. न्यायालय शेतकऱ्याला आपला मुनीम नेमते आणि ग्राहक फक्त तोडणी-वाहतुकीचा खर्च देतो. फळाच्या दर्जावर दर ठरू लागला की तो व्यापार झाला, आणि ही व्यवस्था बहुधा तिथेच बिघडते.

सीमाही नकाशावर आखलेल्या असतात. बेथ-शआनजवळ रेहोव इथल्या जुन्या सभास्थानाच्या जमिनीवर २९ ओळींचा मोझेक लेख सापडला. बाबेलहून परतलेल्यांनी वसवलेला प्रदेश नेमका कुठून कुठपर्यंत, आणि कलिंगड, काकडी, तीळ, मोहरी, तांदूळ, जिरे यांतले काय कुठे वर्ज्य, हे त्यात लिहिले आहे. उत्पत्ती १५ मधल्या फरातपर्यंतच्या रेषेशी या यादीचा संबंध नाही. वचनाची भूमी आणि आज्ञेची भूमी यहूदी कायद्याने केव्हाच वेगळ्या केल्या आहेत.

आजच्या इस्राएल राज्याबद्दलही यहूदी मत एक नाही. साटमारचे रब्बी योएल टाइटेलबाउम मशीहाच्या आधी बळाने परतणे हा शपथभंग मानत. कूक यांचे अनुयायी तीच मुक्तीची पहाट मानतात. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्यघोषणेत इतिहास आणि संयुक्त राष्ट्रांचा ठराव यांचा आधार आहे. देवाचे नाव घ्यायचे की नाही यावर ‘इस्राएलाचा खडक’ हा दोन्ही पक्षांना चालणारा शब्द ठेवून तडजोड झाली.

कोकणातील बेने इस्राएल

रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजाने इतर यहूद्यांशी नियमित संपर्क येण्यापूर्वीपासून आठव्या दिवशीची सुंता, शब्बाथ आणि ‘शमा’ची प्रार्थना जपली. शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. इस्राएलात स्थायिक झाल्यावर तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने विवाहाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची जादा चौकशी सुरू केली. समाजाने आंदोलन केले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) ते सर्वार्थाने यहूदीच आहेत असा ठराव केला. कराराची खूण पिढ्यानपिढ्या अंगावर वागवणाऱ्यांना ‘करारातले कोण’ याचा दाखला मागितला गेला, हा त्यांच्या इतिहासातला दुखरा भाग आहे.

वचन तपासण्याची रीत

मराठी ख्रिस्ती घरांतल्या भिंतीवरच्या वचनांत यिर्मया २९:११ हमखास असते. ते बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे. आधीच्या ओवीत ७० वर्षांची मुदत आहे, त्याही आधी घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचे हित चिंता असा आदेश आहे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकजण परतीच्या आधीच वारणार होते. २ इतिहास ७:१४ मधले ‘देश बरा करीन’ हे शलमोनाच्या मंदिराच्या अर्पणप्रसंगीचे, दुष्काळ, टोळ आणि मरी यांच्या संदर्भातले वचन. ते दुसऱ्या कुठल्या देशाला जसेच्या तसे लावले की मंदिर आणि करार दोन्ही गळून पडतात.

तपासताना क्रमाने पाहावे: वचन कोणाला दिले, कोणत्या करारात, अट कोणती, मुदत किती, पूर्ण झाल्याची नोंद त्याच ग्रंथसंग्रहात आहे का, आणि नंतरच्या लेखकाने ते पुन्हा घेतले असेल तर कोणते शब्द घेतले, कोणते सोडले. एवढे पाहून झाल्यावरही त्या ओवीतून देवाचा स्वभाव कळतो आणि वाचकाला धीर मिळतो, तो मिळावाच. फक्त बंदिवानांच्या नावाने लिहिलेले पत्र वाचताना पाकिटावरचे नाव खोडू नये.