पार्श्वभूमी : आईच्या नावापुढचा ‘घरकाम’

मृत्यूची नोंद करताना मृताच्या व्यवसायाचा रकाना भरावा लागतो. आई गेलेली असेल तर लेक तिथे ‘घरकाम’ लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. नव्वदी पाहून गेलेल्या मराठवाड्यातल्या बायकांची एक अख्खी पिढी अशीच नोंदली जात आहे. तिच्यावर लिहिलेल्या आठवणीही माया, त्याग आणि हातची चव यांच्या पलीकडे फारशा जात नाहीत. यामागे एका सरकारी निर्णयाचाही हात आहे.

ही पिढी निजामाच्या राज्यात जन्मली. मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवणारा १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. इकडे जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे. ‘रझाकाराच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या) वक्ताला थोरला पोटात होता’ एवढ्यावरून वयाचा अंदाज बांधायचा. निजामाचं राज्य भारतात आणणाऱ्या १९४८ च्या पोलीस ॲक्शनआधी कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. कडेवर लेकरू घेऊन चाललेल्या बायका हैदराबाद मुक्तिलढ्याच्या इतिहासात क्वचितच भेटतात.

त्यांचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. मग पाणी, चूल, भाकरी, गोठा, आणि भाकरी बांधून रान. खुरपणी, मूग-उडदाची तोडणी, जोंधळ्याची काढणी, शेंगा वेचणं ही सगळी बायकांची कामं. संध्याकाळी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन परत. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जातं सुटलं, बाकी काहीच सुटलं नाही.

आता तो निर्णय. १९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्याची व्याख्या सैल होती. हंगामी कामात हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त नियमित काम असलं की ती व्यक्ती ‘काम करणारी’ धरली जाई. त्यामुळे देशातल्या सुमारे २८ टक्के बायका कामकरी ठरल्या. हा आकडा फुगलेला आहे, असा आक्षेप आला. म्हणून १९७१ ला प्रश्नच बदलला : या व्यक्तीचा मुख्य व्यवसाय कोणता? बाईच्या बाबतीत उत्तर ठरलेलं होतं. तेही बहुतेकदा ओट्यावर बसलेला घरातला पुरुष देई, ती स्वतः रानात असे. ‘घरकाम’ म्हटलं की ती ‘काम न करणाऱ्यां’त गेली. तिचं शेतकाम दुय्यम म्हणून वेगळं टिपलं गेलं आणि मुख्य आकड्यातून वगळलं गेलं. प्रमाण २८ वरून १२ टक्क्यांच्या आसपास घसरलं. दहा वर्षांत बायकांनी खुरपी टाकली नव्हती. बदलला होता तो प्रश्न. अभ्यासकांनी यावर बरीच टीका केली. १९८१ ला ‘मुख्य’ आणि ‘सीमांतिक’ कामकरी असे दोन गट पाडले गेले, वर्षात १८३ दिवस काम भरलं तर ‘मुख्य’, कमी भरलं तर ‘सीमांतिक’ अशी रेघ आखली गेली. ही निव्वळ तांत्रिक दुरुस्ती होती असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. वर्षभर रानात राबणाऱ्या बाईच्या दिवसांचा हिशेब घरात कोण ठेवत होतं?

या निर्णयाला वर्ष-दोन वर्षं होतात न होतात तोच दुष्काळ पडला. १९७२ ला विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली. गावोगाव दुष्काळी कामं निघाली : खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. एरवी उंबरा न ओलांडणाऱ्या घरांतल्या सुनासुद्धा डोक्यावरचा पदर सांभाळत खडीवर बसल्या. लेकरांना सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ मिळे, घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी होई. जनगणनेने जिला काम न करणारी ठरवलं, तिचं नाव आता त्याच सरकारच्या हजेरीपटावर होतं. अनेकींच्या हाती स्वतःच्या नावाचे पैसे आयुष्यात पहिल्यांदा तेव्हाच आले. त्यांच्याकडून आठवणी ऐकताना बहात्तरचा विषय निघाला की त्या सविस्तर बोलतात, कुठल्या तलावावर होतो तेही सांगतात. लग्नाबद्दल एवढं बोलत नाहीत. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ ला झाला, तोवर बहुतेकींची नावं हजेरीपटावरून उतरली होती.

नंतरच्या घडामोडी मात्र दाटीवाटीने आल्या. अपघात भरपाईच्या एका खटल्यात, २०१० साली, गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या गटात बसवणाऱ्या जनगणनेवर न्यायाधीशांनी कडक ताशेरे ओढले. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घर चालवण्याचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाली, ते करणाऱ्या पुरुषाची ८८. त्याच वर्षी राज्यात लाडकी बहीण योजना आली, महिना १,५०० रुपये. वयाची अट २१ ते ६५, म्हणजे ही पिढी बाहेरच. सातबाऱ्यावरही यांतल्या बहुतेकींचं नाव लागलं ते नवरा गेल्यावर, वारस म्हणून.

सरकारी कागदावर मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, हा नियमही २०२४ चाच. तो १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना लागू आहे. तेव्हा या बायकांच्या लेकरांच्या कागदांवर नाही, नातवंडांच्याही नाही. त्यांच्या नातसुनांची नावं तेवढी पतवंडांच्या दाखल्यांवर येऊ लागली आहेत.