लायलॅकला मोगऱ्याचा न्याय लावू नका

मोगरा, जाई, पारिजातक आणि थंड प्रदेशातलं सुवासिक फुलांचं झुडूप लायलॅक, सगळी ऑलिव्हच्याच कुळातली. म्हणूनच बोस्टन किंवा टोरांटोत घर घेतलेला मराठी माणूस अंगणातल्या लायलॅकला मोगऱ्यासारखा छाटतो आणि तिथेच फसतो. मोगरा जानेवारीत छाटला, की नव्या फुटीवर उन्हाळ्यात कळ्या येतात. लायलॅकचं उलट. मे महिन्यातला बहर ओसरला, की उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या फांदीच्या शेंड्याला तयार होतात आणि तशाच हिवाळा काढतात. मार्चमध्ये कात्री लावली तर झाड मरत नाही, पण त्या वर्षीचा बहर गेला. छाटणी करायची ती फुलं सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांत. झुडूप फार उंच आणि बोडकं झालं असेल, तर दर वर्षी सर्वांत जाड, जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापावीत. तीन वर्षांत झाड नवं होतं.

पुण्या-नाशकात लायलॅक लावण्याच्या भानगडीत पडू नये. कळीची झोप मोडायला अनेक आठवड्यांची सलग थंडी लागते, ती तिथे मिळत नाही.

थंड प्रदेशातही फूल न येण्याची दोन कारणं नेहमीची: सावली आणि नत्र. रोज किमान सहा तास ऊन हवं. शेजारच्या लॉनला टाकलेलं नत्रयुक्त खत मुळांपर्यंत पोचलं, की पानं दाट येतात आणि फूल रुसतं. माती निचऱ्याची, सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या आसपास.

रोपं वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बुंध्यालगत जमिनीतून येणारे फुटवे. मात्र आधी झाड कलमी आहे का, ते पाहा. बरीच कलमं प्रिव्हेट या कुंपणाच्या झुडपाच्या खुंटावर बांधलेली असतात, आणि मग फुटवाही प्रिव्हेटचाच निघतो. लायलॅकचं पान हृदयाच्या आकाराचं, प्रिव्हेटचं लहान आणि लांबट. खात्री पटल्यावर वसंताच्या सुरुवातीला, कळ्या उमलण्याआधी, गुडघाभर उंचीचा फुटवा निवडा. आईझाड आणि फुटवा यांच्यामध्ये धारदार फावडं उभं मारून जोड तोडा आणि फुटवा मुळांसकट उचला. शेंडा निम्मा छाटा, कारण तुटकी मुळं सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. पूर्वीइतक्याच खोलीवर लावा. फुलासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं.

छाट कलमाला मुहूर्त सांभाळावा लागतो. बहराच्या सुमारास नवी फूट १० ते १५ सेंटिमीटर आणि अजून कोवळी असते, तेव्हाच ती घ्यायची. फांदी कडक झाली, की मुळं धरायला नाखूश. खालची पानं काढून टोक आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संजीवकाच्या पावडरीत बुडवा आणि निम्मं परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), निम्मं पीट (कुजलेलं शेवाळ) भरलेल्या कुंडीत खोचा. वर पारदर्शक पिशवी घाला, पण कुंडी उन्हात ठेवू नका. बंद पिशवीत कलम शिजतं. चार-सहा आठवड्यांत मुळं येतात.

बियांपासून हवी ती जात मिळत नाही. फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या लमवान रोपवाटिकेची पांढरी, दुहेरी पाकळ्यांची 'मादाम लमवान' १८९० सालची; ती आजही कलमानेच पुढे चालते.

ऑगस्टमध्ये पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली तर घाबरू नये. दिसायला वाईट, पण झाडाला फारशी बाधत नाही. हवा खेळती राहील एवढी आतली गर्दी पुढच्या जूनमध्ये विरळ करावी.